चेंज गिअरचा डबा

सकाळी ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘हरलेल्या देशाचे कारखाने उपटा आणि जिंकणाऱ्यांनी वाटून घ्या, हिशोब मिटला.’ खाली अंगठ्यांची रांग! दिवसभर डोकं ठणकतंय.

कारखान्याची वाटणी मी बघितली आहे. कोल्हापुरात उद्यमनगरला बाबा आणि काका वेगळे झाले. लेथ मशीन बाबांना, कपाट काकांना. चेंज गिअरचा, म्हणजे आटे पाडताना लेथला बदलून लावायच्या दातेरी चाकांचा, डबा नेमका कपाटात. काका म्हणाले, कपाट माझं तर आतलंही माझं. आता गिअर नसतील तर लेथवर आटे पाडायचे कसे, सांगा.

दुसऱ्या महायुद्धानंतर जिंकलेल्या देशांनी जर्मनीचं हेच केलं. जानेवारी १९४६ चा पॅरिस करार, १८ देश, वाटपाची कचेरी ब्रुसेल्सला. रशियाचं पोट्सडॅमच्या बैठकीत आधीच वेगळं ठरलेलं. यंत्रं आणि जहाजांत ब्रिटनला २७.८ टक्के, आपल्या भारताला २.९. काही कारखाने अख्खे गेले, काहींची यंत्रं सुटी सुटी. ती चालवणारे हात मात्र तिथेच राहिले. रशियाने नेलेली कितीतरी यंत्रं रेल्वेच्या सायडिंगला गंजली. ऑक्टोबर १९४७ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी ताब्यातल्या भागातल्या, उपटायच्या ६८२ कारखान्यांची यादी निघाली, तीही युरोप पुन्हा उभा करायच्या अमेरिकी मार्शल योजनेची बोलणी चालू असताना. म्हणजे एका हाताने उभं करायचं आणि दुसऱ्या हातात पाना! कामगार गेटवर उभे राहून भांडले. शेवटी पश्चिम जर्मनीशी झालेल्या १९४९ च्या पेटर्सबेर्ग करारात बरीच नावं यादीतून काढावी लागली.

हो, जर्मनांनी आधी अर्धा युरोप ओरबाडला होता, भरपाई द्यायलाच हवी होती. मान्य. ओपेल कॅडेट या जर्मन गाडीवरून मॉस्कोत मॉस्कविच गाडी निघाली, तेही मान्य.

पण माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या घरच्यांना त्या २.९ टक्क्यांतलं काय पोचणार होतं? हे लिहितानाही घसा दाटतोय. अंगठे दाखवणाऱ्यांनो, कुणाच्या हिशोबाची भाषा करताय तुम्ही?

आमच्या बाबांनी ते मशीन तीन वर्षं नुसतं टर्निंग-फेसिंगला, म्हणजे साध्या कातकामाला, चालवलं. आट्यांची कामं परत जायची. मग वजनावर विकलं. काकांनाही त्या डब्याचा कधी उपयोग झाला नाही. ते गेल्यावर काकूंनी कपाट काढलं तेव्हा डबा आमच्याकडे पाठवला. आत १२७ दातांचा गिअर, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, कोरा करकरीत. बाबा ओट्यावर बसून अंगठ्याने त्याचे दात मोजत राहिले. काकांबद्दल एक शब्द बोलले नाहीत.