शंभरी गाठायला गेलो आणि शंभरी भरली

ग्रीसच्या एजियन समुद्रात इकारिया नावाचं बेट आहे, तिथे बरीच माणसं नव्वदी पार करतात म्हणून त्याला ब्लू झोन म्हणतात, हे बायकोला कळलं आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली. मुंबईहून अथेन्स, मग पिरेअस बंदरातून बोट, तीही चांगली सात-आठ तास, आणि ऑगस्टात तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. पंख लावून उडणारा इकारस याच समुद्रात पडला अशी कथा आहे, बेटाचं नावही त्याच्यावरूनच. बोट हलायला लागल्यावर वाटलं, त्याचं निदान पटकन आटपलं तरी.

पॅकेजमध्ये सगळं घड्याळावर. सहाला योगा (ठाण्याहून ग्रीसला जाऊन सूर्यनमस्कार, शिकवणारी बाई जर्मन, आणि वर मलाच ओरडतेय), सातला सेजच्या पाल्याचा कडू काढा, आठला डोंगर. बेट कसलं, समुद्रात उभा केलेला हजार मीटरचा कडा आहे तो! मी टोपी, बाटली, नी-कॅप अशा जामानिम्यात धापा टाकतोय आणि काळ्या कपड्यातल्या एक आजीबाई शेळ्या हाकत बाजूने पुढे निघून गेल्या, जाताना माझ्याकडे बघितलं ते आपण आयसीयूच्या काचेतून बघतो ना तसं.

दुपारी थर्मा गावचे गरम पाण्याचे झरे. त्या पाण्यात रेडॉन असतो, म्हणजे चक्क किरणोत्सर्गी पाणी, सांधेदुखीला चांगलं म्हणतात. घरी मोबाईल उशाशी ठेवला की रेडिएशन रेडिएशन करून डोकं खाणारी बायको म्हणते, "उतरा हो, लोकं उतरलीयेत ना!"

जेवायला सुफिको. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो, सगळं ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद शिजवलेलं. वाईट नाही, पण मोहरीचे चार दाणे कुणी तडतडवले असते तर बेटाचं काय बिघडलं असतं?

आणि ज्यांच्याकडून हे सगळं शिकायचं ते गावकरी? राखेस भागात तर दुकानंच रात्री उघडतात! दुपारी मस्त झोप, उठून उकळलेली कॉफी, मग घरची वाइन. ऑगस्टात गावोगावी पानिगिरी, म्हणजे देवाची जत्राच, लांबलचक टेबलं, शिजवलेला बोकड, व्हायोलिन आणि पहाटेपर्यंत नाच. आम्हाला मात्र साडेनऊला लाइट बंद.

एका रात्री बायको घोरायला लागल्यावर मी सटकलोच. एका आजोबांनी ओळख ना पाळख, ग्लास भरला, खांद्यावर हात टाकला आणि ओढलं नाचायला. मला येतो तो विसर्जनाचा नाच, म्हटलं तोच करू, कुणाला काय कळतंय, तर तो खपला पण! आजोबांची पकड अशी की दम लागला तरी रांगेतून सुटता येईना, म्हणून मदतीला कुणी ओळखीचं दिसतंय का बघायला मान वळवली तर चार माणसं पलीकडे आमची योगावाली बाई, हातात ग्लास, माझ्यापेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी सहाचा योगा साडेअकराला झाला आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.