जुनी वेदी न तोडताही नवी उभारता येते

वसई परिसरातील आपल्या काही चर्चचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो आणि तेथे आजही मराठीतून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) होते. नांदत्या वास्तूत बदल होणारच. माझा विरोध बदलाला नाही, नूतनीकरणाच्या नावाखाली होणाऱ्या तोडफोडीला आहे.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) धर्मगुरू भाविकांकडे पाठ करण्याऐवजी तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले आणि परिषदेचाच आधार देऊन अनेक ठिकाणी भिंतीलगतच्या कोरीव वेदी काढण्यात आल्या. वास्तविक परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातील १२६ वे कलम मौल्यवान वस्तू हातच्या जाऊ नयेत म्हणून बिशपांना दक्षता घ्यायला सांगते. मिस्साग्रंथाच्या (मिस्साच्या प्रार्थना आणि विधींच्या पुस्तकाच्या) सर्वसाधारण सूचनांमध्ये तर, जुनी वेदी तिच्या कलामूल्याला धक्का न लावता हलवता येत नसेल तर दुसरी वेदी उभारून तिच्यावरच उपासना करावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

मला सर्वाधिक काळजी भिंतींची वाटते. चुन्यात बांधलेली जाड भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि पुढे ती बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटून बोट फिरवले तरी पांढरी भुकटी हाताला लागते. मग पुन्हा सिमेंटच थापले जाते, याचे मला फार वाईट वाटते. फरशीचेही तसेच: पोर्तुगीजकालीन चर्चच्या जमिनीत कोरीव थडगी असतात, त्यांवर ग्रॅनाइट बसवणे म्हणजे आपल्याच पूर्वजांची नावे पुसणे होय.

आवाज घुमत असेल तर पुढे दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा बाकांच्या ओळींजवळ लहान स्पीकर कमी आवाजात लावावेत. व्हीलचेअरसाठी उतार (रॅम्प) तर हवाच. तो काढता येण्याजोगा असावा.

आरोग्य शिबिरे किंवा सभा चर्चमध्ये घ्याव्यात का, यावर आपल्यात मतभेद आहेत. धर्मसंहितेच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) १२१० व्या नियमानुसार पवित्र स्थळी उपासनेला पूरक गोष्टींनाच वाव आहे. अन्य उपयोगाला, तो स्थळाच्या पावित्र्याशी विसंगत नसेल तर, त्या-त्या प्रसंगी परवानगी देता येते. भक्तिसंगीताला माझा मनापासून पाठिंबा आहे. शिबिरांसाठी मात्र आवारातील सभागृह वापरावे.

आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) येत्या बैठकीत नूतनीकरणाचा विषय आहे. कंत्राटदाराचे दरपत्रक मंजूर करण्याआधी वास्तूची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, तसेच चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि वारसा जतनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद यांना भिंती दाखवाव्यात, अशी लेखी मागणी मी करत आहे. ज्यांना ती पटते त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर तिच्यावर सही करावी.