चंद्र दिसतो हो, पण छर्रा कुठे लागतो?

इंदुरात शेव घ्यायला गेलं तरी दुकानदार आधी चिमूटभर तळहातावर ठेवतो. लौंगची, लसणाची, मग रतलामी, मग "जरा ती पहिली परत द्या" म्हणून पुन्हा लौंगची. चार प्रकार चाखून पावभरच घेतली तरी त्याच्या कपाळावर आठी उमटत नाही. असे लाड अंगवळणी पडलेल्या माणसानं 15,000 रुपये खिशात घालून रायफलचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, घ्यायला निघूच नये. तो सीलबंद खोक्यात येतो, चाखायला मिळत नाही, आणि काउंटरपलीकडून एकच वाक्य ऐकू येतं, "भिया, चौबीस गुना है, चाँद के गड्ढे दिख जाएँगे!"

चंद्र इथून सुमारे 3,84,000 किलोमीटरवर आहे. माझं टार्गेट 50 मीटरवर.

"लांब पल्ला" हा शब्द आपल्या रिक्षावाल्यांच्या "बस, सामने ही है" सारखा आहे. ज्याचा त्याचा वेगळा. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधल्या मंडळींचा वेगळा, आमचा वेगळा. .308 च्या काडतुसाच्या रायफलची गोळी 100 यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेमावर बरोबर लागेल अशी बसवली, तर 1000 यार्डांपर्यंत ती साधारण 10 मीटर खाली येते, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवर नेम धरायचा तेव्हा ती फाटकाला लागायची. आमच्यातले बहुतेक मात्र छऱ्याच्या बंदुकीवाले. 4.5 मिमीच्या, 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे त्यामागचं खरं कारण. बाकी छंदबिंद नंतर. छर्रा सेकंदाला 240 मीटर वेगानं निघाला तर 50 मीटर जायला त्याला पाव सेकंद लागतो. 25 मीटरवर झिरो केलेली बंदूक 50 वर 12 ते 15 सेंटीमीटर खाली मारते. आमचा लांब पल्ला तो हाच. .22 च्या काडतुसाच्या रायफलवाले स्वतःला आमच्याहून दोन पायऱ्या वर समजतात, पण 50 यार्डांचा झिरो लावून त्यांनी 100 यार्डांवर मारलं की त्यांचीही गोळी वीतभर खालीच लागते.

घरच्यांचा यावर एक बिनतोड मुद्दा असतो. स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटरवर कांस्य मिळवलं, ते दुर्बिणीशिवाय. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलीमीटर. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत मोठं करून दाखवणारा स्कोप चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे कडं, बस्स. "मग तुम्हालाच काय हो भिंग लागतं?" याला उत्तर नाही. आहे ते एवढंच, की कुसाळेंना 15,000 रुपयांत भागवायचं नव्हतं आणि आम्हाला त्यांच्यासारखं तासन्‌तास घाम गाळायचा नाही.

तर खोक्यावर लिहिलेलं असतं 6-24×50. म्हणजे 6 ते 24 पट मोठं, आणि पुढचं भिंग 50 मिलीमीटरचं. आता 50 ला 24 नं भागा. 2.1 येतं. स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी एवढी, जेमतेम दोन मिलीमीटर. डोळ्याची बाहुली त्या दोन मिलीमीटरच्या झोतात बसली तर चित्र, नाहीतर काळोख. मान केसभर हलली की टार्गेट गायब. गालाखाली बंदुकीचा दस्ता जरा बुटका असेल, आणि स्वस्त बंदुकीचा तो असतोच, तर 24 पटीला नेम धरणं म्हणजे मोरीच्या झरोक्यातून सराफ्यातली गर्दी बघण्यासारखं. तेच 3-9×40 मध्ये 9 पटीलाही 4.4 मिलीमीटर मिळतात. मान इकडेतिकडे झाली तरी चित्र टिकतं.

शिवाय मे महिना. दुपारी बारा वाजता तापलेल्या जमिनीवरून हवा उकळत वर येते आणि 24 पटीला टार्गेटही 24 पटीनं लटपटतं. वर्तुळ पातेल्यातल्या दुधासारखं एका बाजूनं वर येतं, दुसऱ्या बाजूनं बसतं. जाणकार अशा वेळी झूम 10-12 वर आणतात. म्हणजे वरचे पैसे पाण्यात. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्याची, कीर्ती रात्रीची आहे. दुपारबद्दल कोणी काही लिहून ठेवलेलं नाही.

काचेबद्दल थोडक्यात. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये अशी 16 पृष्ठं धरली तर 0.96 ला 16 वेळा गुणायचं. उरतो जेमतेम निम्मा. म्हणून "फुली मल्टी-कोटेड" मधला तो "फुली" शब्द शोधायचा. नुसतं "कोटेड" म्हणजे एखाद्या भिंगाच्या एका बाजूला लेप आहे एवढंच. निळाजांभळा चकाकणारा रंग पाहून भुलू नये, रंग काय, गॉगललाही असतो. नळी 30 मिलीमीटरची असली म्हणजे प्रकाश जास्त येतो, हीही अशीच एक लोककथा. जाड नळीत रेटिकल, म्हणजे आतली नेमाची फुली, वरखाली करायला जागा जास्त मिळते, एवढाच तिचा मुख्य फायदा. लाल-हिरवा दिवा लागणारं रेटिकल तर दिवाळीत ठीक. कागदाच्या टार्गेटवर भर उन्हात त्याचं कामच काय?

आता खरी मेख. स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का मागे बसतो, तसा पुढेही बसतो. ट्रिगर दाबला की आतला जड दट्ट्या पुढे झेपावतो, तेव्हा बंदूक मागे येते. दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी हवेच्या उशीवर आपटून थांबतो, तेव्हा तीच बंदूक पुढे उसळते. काडतुसाच्या रायफलसाठी बनवलेल्या स्कोपची भिंगं आणि रेटिकल मागच्या धक्क्याला टेकू देऊन बसवलेली असतात. पुढच्या धक्क्याचा विचार त्या कारागिरानं केलेलाच नसतो. म्हणून .308 वर वर्षानुवर्षं चाललेला स्कोप छऱ्याच्या बंदुकीवर थोड्याच दिवसांत खिळखिळा होतो, रेटिकल तिरकं होतं किंवा आत काहीतरी खुळखुळू लागतं. "इतनी सी बंदूक है भिया, इसमें क्या टूटेगा?" असं दुकानदार विचारतो, आणि तुटतं. खोक्यावर स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल असं स्पष्ट छापलेलं नसेल तर खोकं उघडायचंसुद्धा नाही.

पॅरलॅक्स हा दुसरा चोर. डोळा थोडा वरखाली केला की रेटिकल टार्गेटवर सरकल्यासारखं दिसतं, तो पॅरलॅक्स. काडतुसाच्या स्कोपमध्ये तो बहुधा 100 यार्डांना पक्का केलेला असतो. 20 मीटरवर तुमचं टार्गेट धूसर आणि रेटिकल तरंगतं. दोष मात्र हाताला देतात. पुढच्या भिंगाभोवती किंवा डाव्या बाजूला फिरणारी चकती हवी, आणि ती 10 यार्डांपर्यंत खाली यायला हवी. चकतीवर छापलेल्या अंतरांवर विश्वास ठेवू नका. टेप घेऊन 10, 20, 30, 40, 50 मीटर मोजा, चित्र स्वच्छ दिसेल आणि डोळा हलवूनही रेटिकल हलणार नाही तिथे कागदी पट्टीवर आपल्या खुणा करा.

मग येते ती हिशेबाची गंमत. कोन मोजायची दोन मापं आहेत. एक कोनाचं मिनिट, म्हणजे एमओए. 100 मीटरवर 2.9 सेंटीमीटर. दुसरं मिल, 100 मीटरवर सरळ 10 सेंटीमीटर. दोन्ही चांगली. पण स्वस्त स्कोप बनवणाऱ्यांना लग्नात एक पंगत पुण्याची आणि एक माळव्याची बसवायची हौस असते: आत रेटिकलवर ठिपके मिलचे, बाहेर टरेटवर, म्हणजे रेटिकल सरकवायच्या बटणावर, क्लिक पाव एमओएचे. छर्रा एक मिल खाली लागला असं ठिपक्यांवरून दिसलं, तर किती क्लिक फिरवायचे? एका मिलमध्ये 3.438 एमओए, गुणिले चार, 13.75 क्लिक. पाऊण क्लिक आणायचा कुठून? दिवसा सराफ्यात तोळ्यात भाव सांगून ग्रॅमवर बिल करतात, त्यांनाही इतका त्रास होत नसेल. आत मिल असेल तर बाहेर 0.1 मिलचाच टरेट घ्या.

आणि हे ठिपके, रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल, म्हणजे झूम बदलला तरी ते तेवढंच दिसत असेल, तर एकाच झूमला खरे असतात, बहुधा सर्वात वरच्या. 24 वर जे अंतर एक मिल, ते 12 वर दोन मिल होतं. मिराजमुळे, म्हणजे त्या उकळत्या हवेमुळे, झूम खाली आणलेला असतो आणि ठिपके मोजताना हे आठवत नाही. पहिल्या फोकल प्लेनचा स्कोप, ज्यात ठिपकेही झूमबरोबर लहानमोठे होतात, ही भानगड मिटवतो, पण पैसे जास्त मागतो. स्वस्तातला पहिल्या प्लेनचा घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगला दुसऱ्या प्लेनचा घ्यावा आणि झूमच्या कड्यावर एका आकड्याशी पांढरी खूण करून तिथेच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लिक खरे आहेत का, हे गोळी न झाडता तपासता येतं. स्कोप बंदुकीवर चढवण्याआधीच. (बंदूक घेऊन गच्चीवर उभं राहू नये. गल्लीतली माणसं पोलिसांना फोन करतील, आणि बरोबरच करतील.) सुताराचा शिकंजा जड टेबलावर घट्ट बसवा, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून स्कोप त्यात अलगद धरा. बरोबर 25 मीटरवर आपल्याच भिंतीला शिवणाची टेप उभी चिकटवा. रेटिकल एका आकड्यावर आणा. पाव एमओएचे 80 क्लिक वर फिरवले की ते 14.5 सेंटीमीटर सरकलं पाहिजे, 0.1 मिलचे 50 फिरवले तर 12.5. मग तेवढेच खाली. परत त्याच आकड्यावर यायला हवं. उजवीकडे, डावीकडे, तसंच. स्वस्त स्कोपची खोड इथे उघडी पडते: टक-टक आवाज होतो, रेटिकल ढिम्म. नळीवर बोटानं टिचकी मारली की ते दचकून जागं होतं आणि एकदम दोन-तीन क्लिकांची उडी मारतं. आतली स्प्रिंग मरतुकडी आहे. रेंजवर ती टिचकी बंदुकीचा धक्का मारतो, म्हणून नेम सुधारल्यानंतरचा पहिला छर्रा जुन्या जागी लागतो आणि पुढचे नव्या. 80 ऐवजी 78 क्लिकांचं अंतर भरलं तर माफ. वहीत लिहून ठेवायचं. परत जागेवर न येणारा मात्र ज्याचा त्याला परत.

स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारा माउंट सगळे विसरतात. 15,000 मधले 2,500 तरी त्यासाठी बाजूला काढा. एअर रायफलवर बहुधा 11 मिलीमीटरची डव्हटेल खाच असते, रुंद पट्टीच्या रिंगा त्यावर बसत नाहीत. एकसंध माउंट घ्या, खाली स्टॉप-पिन असलेला. नाहीतर प्रत्येक धक्क्याला स्कोप कणाकणानं मागे सरकतो आणि एक दिवस भुवई गाठतो. रिंगेमागे पेन्सिलची रेघ मारून ठेवली की चोरी पकडता येते. रिंगांचे स्क्रू 15 ते 18 इंच-पाउंड, म्हणजे पावणेदोन ते दोन न्यूटन-मीटर. ॲलन-की आखूड बाजूनं खोचून लांब दांडी दोनच बोटांनी फिरवायची, एकदम एक न आवळता तिरक्या जोडीनं, थोडं-थोडं, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असं. मनगट लावलं की नळी चिमटते, झूमचं कडं जड फिरतं, आणि मग "पीस ही खराब था". शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ. रेघ तुटली तर स्क्रू हलला. नेलपॉलिश कशाला हवंय, हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नळी खाली मोडून भरायच्या बंदुकीची ती नळी पुष्कळदा पुढे किंचित झुकलेली असते. झिरो करताना वरचा टरेट फिरवून फिरवून संपत येतो, आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो रोज गाव बदलतो. झुकाव भरून काढणारे माउंट मिळतात. नसेल घ्यायचा तर मागच्या रिंगेत स्कोपच्या नळीखाली जुन्या फोटोंच्या निगेटिव्हची एक पट्टी, फार तर दोन. आजोबांच्या मुंजीची असेल तर आधी घरात विचारा.

उभी रेघ उभी आहे का, यासाठी गवंड्याचा ओळंबा; तो नसेल तर दोऱ्याला कुलूप बांधून लांब लटकवा आणि रेटिकल त्याला जुळवा.

एवढं सगळं करून हाती काय येतं? स्प्रिंगसाठी बनवलेला, पुढे फिरत्या चकतीचा 3-9×40 किंवा 4-12×40. दिसायला साधा, खोक्यावर चंद्र नाही. मग 15-20 छर्रे खर्चून झिरो करायचा आणि त्याला हात लावायचा नाही, कारण काढून पुन्हा बसवला की झिरो नव्यानं करावा लागतो.

आणि मग कोजागिरी येते. गच्चीवर दूध आटतंय, चारोळ्या तरंगतायत, सोसायटीतली पोरं भोवती जमतात, "काका, त्या दुर्बिणीतून चंद्र दाखवा ना!" स्कोप काढता येत नाही, बंदूक आकाशाकडे रोखता येत नाही. पोरं दूध पितात आणि नुसत्या डोळ्यांनी बघतात.