अंगानं दणकट आहात ना, मग दोन घ्या!

"आपल्याला एका गोळीनं काही होत नाही." हे वाक्य आधी तोंडपाठ करा, पुढचं सगळं शास्त्र त्याच्यावरच उभंय. म्हणताना पोटावरून एक हात फिरवायचा, म्हणजे समोरच्याला हिशोब न सांगताच कळतो. डोकेदुखीची गोळी बनवणाऱ्यांनी ती कुठल्यातरी बेताच्या अंगाच्या माणसासाठी बनवलीय, तुम्ही भरता ९५ किलो, म्हणजे दीड गोळी तर हक्काचीच झाली, आता दीड तोडत कोण बसणार म्हणून दोन, आणि दोन घेऊनही अर्ध्या तासात डोकं दुखायचं थांबलं नाही तर तिसरी, दम धरायला आपल्याला काय दुसरे उद्योग नाहीत का.

मध्येच कुणीतरी शहाणा लिव्हरचा विषय काढेल. या गोळीतलं औषध, पॅरासिटामॉल, लिव्हरमध्ये निकालात निघतं, आणि पोट वाढलं म्हणून लिव्हरची ताकद काही त्याच हिशोबात वाढत नाही, चरबी औषध फोडायला येत नाही, ती नुसती बसून असते, वगैरे वगैरे. पाकिटावरचा कागद पण त्याच्याच बाजूचा निघतो. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० एमजी ते १ ग्रॅम, मध्ये ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. ६५ किलोवाल्यालाही ४ ग्रॅम आणि ११५ किलोवाल्यालाही ४ ग्रॅमच! इतकी वर्षं कमावलेल्या वजनाला काही किंमतच नाही.

आणि अन्याय इथे संपत नाही. माणूस ५० किलोच्या खाली असला की मात्र हेच लोक लगेच वजन काढतात, शिरेतून पॅरासिटामॉल द्यायचं असेल तर किलोमागे १५ एमजी असा हिशोब लावून डोस कमी करतात. म्हणजे वजनाचा नियम खाली उतरताना चालतो, वर चढताना चालत नाही. असला नियम आपण का पाळायचा? आपण बरोब्बर उलटा पाळायचा.

तर उलटा पाळायचा म्हणजे कसं ते बघा. घरात ४२ किलोच्या आजी असतील, दोन दिवस जेवण जात नाहीये, अंग ठणकतंय, तर त्यांना बिनधास्त पूर्ण १ ग्रॅम द्या, दिवसातून चारदा द्या, माणूस मोठा झाला की मोठ्या माणसाचा डोस, विषय संपला. किलोमागे जवळजवळ २४ एमजी एका वेळेला जातात आणि दिवसाला ९५, हे असलं गणित मांडत बसू नका. तुमच्या ९५ किलोला तेच ४ ग्रॅम किलोमागे ४२ पडतात हे तर अजिबातच बघू नका. पॅरासिटामॉल फुटताना थोडासा एक विषारी पदार्थ तयार होतो, त्याला गप्प करायला लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन लागतं, आणि उपाशी माणसाकडे किंवा रोज पिणाऱ्याकडे त्याचा साठा कमी असतो. असू दे. आजी काय तक्रार करणार आहेत?

आयबुप्रोफेन, म्हणजे दुखण्यावरचं दुसरं औषध, घेणाऱ्यांसाठी फार वेळ नाही घालवत. साध्या दुखण्यावर एका वेळी ४०० एमजीच्या वर गेलं तरी आराम फारसा वाढत नाही, पोटाचा आणि किडनीचा त्रास मात्र वाढत जातो. पण तुम्ही वजनदार माणूस, ८०० घ्या. दुखणं तेवढंच राहील, निदान पोटाला तरी काहीतरी केल्याचं समाधान.

आता पोरांचं. इथे मात्र वजनाचं नावसुद्धा काढायचं नाही हां. कारण इथे ते खरंच लागतं, किलोमागे १० ते १५ एमजी पॅरासिटामॉल असा डोस काढतात, आणि गरज नसलेल्या ठिकाणी वजन लावून आपण आधीच दमलेलो असतो. वय विचारा. तीन वर्षांचा एक पोरगा ११ किलोचा आणि दुसरा १७ चा असला तरी चमचा एकच. चमचा म्हणजे स्वयंपाकघरातला, कारण बाटलीसोबत आलेलं ते रेघांचं झाकण मागच्या तापातच खेळण्यांच्या ढिगात गेलं. बाटली हातात घेतलीत तर पुढचं मोठं नाव आणि फळाचं चित्र तेवढं वाचा, खाली बारीक अक्षरात ५ एमएलमध्ये १२० एमजी लिहिलंय की २५० ते बघायला चष्मा शोधावा लागतो. आणि थेंबांची ती छोटी बाटली दिसली तर अजून उत्तम, छोटी आहे म्हणजे सौम्यच असणार. (१ एमएलमध्ये १०० एमजी असतं तिच्यात. ५ एमएलचा चमचा भरून पाजलात की ११ किलोच्या पोराच्या पोटात ५०० एमजी, म्हणजे तुमची अख्खी गोळी. पण बाटली छोटी होती ना!) अ‍ॅस्पिरिन १६ वर्षांखाली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देत नाहीत, राय सिंड्रोम नावाच्या, मेंदू आणि लिव्हरला सूज आणणाऱ्या दुर्मिळ आजारामुळे, हे तेवढं एक वाक्य सरळ अर्थानं घ्या आणि परत थट्टेकडे या.

अजून जोरदार गोळ्या हव्यात? कोडीनमध्ये, म्हणजे अफूच्या जातीच्या दुखण्यावरच्या औषधात, तर वजनाला कुणी विचारत पण नाही. ते शरीरात मॉर्फिन झाल्यावर खरं कामाला लागतं, आणि किती वेगानं होणार ते एका जीनवर ठरतं, एखाद्या सडपातळ माणसाच्या अंगात भराभर होतं आणि एखाद्या पहिलवानाच्या अंगात होतच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, १२ वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नका म्हणून सांगितलं ते याच्यामुळे. शिवाय जाड माणूस झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबवत असेल तर असल्या औषधांनी त्याचा श्वास अजून मंदावतो, म्हणजे तिथे धिप्पाड माणसालाच जास्त जपतात. भूल देणारे डॉक्टर तर कित्येक औषधांना काट्यावरचा आकडा धरतच नाहीत, चरबी वजा करून उरेल त्यावर हिशोब करतात. काय म्हणावं या लोकांना, आपलं खरं भांडवलच वजा.

स्ट्रिप नेहमी अशी कापून ठेवा की नाव एका तुकड्यावर जाईल, एमजी दुसऱ्यावर, आणि हातात राहील नुसती चंदेरी फॉइल. मग सर्दीची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी, तापाची वेगळी, आणि तिन्हीत पॅरासिटामॉलच, हे कळायची भानगडच उरत नाही. दुसऱ्या दिवशी ठणठणीत वाटलं की समजा पचलं. लिव्हर बिघडल्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात आणि अ‍ॅसिटाइलसिस्टीन नावाचा उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो, म्हणून काही दुखत नसतानाच दवाखाना गाठायचा असतो, पण काही दुखत नसताना दवाखान्यात कोण जातं?

गेलातच तर तयारीनं जा. किती गोळ्या घेतल्या विचारलं की "दोन-तीन असतील" म्हणायचं, कधी घेतल्या तर "सकाळपासून". मग ते वजन विचारतील, कारण हा उतारा मात्र किलोवर मोजून देतात, आणि त्यातही शंभर-एकशेदहा किलोच्या वरचं वजन धरत नाहीत. गोळी घेताना तुम्ही ९५ किलोचे होतात. इथे सिस्टरसमोर पोट आत घ्या आणि सांगा, "८० असेल, मागच्या वर्षी केलं होतं."