रक्ताची उलटी झाली की थेट बेंगळुरू?

लिव्हर सिरोसिसबद्दलचा, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याच्या आजाराबद्दलचा, एक मेसेज खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. रक्ताची उलटी झाली तर इथल्या दवाखान्यांत वेळ घालवू नका, तडक बेंगळुरूला नेऊन शंट (तुंबलेल्या रक्ताला काढून दिलेली दुसरी वाट) बसवा, भरपूर रक्त चढवा, लिव्हर कायमचं बरं होतं. हेतू चांगला असेल, पण सल्ला जिवावर बेतणारा आहे.

‘तडक बेंगळुरू.’ म्हणजे बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटर. सिरोसिसमध्ये लिव्हरकडे जाणारं रक्त तुंबतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटलेला माणूस तेवढी वाट कशी काढणार? शिरांमधला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड दुर्बिणीच्या तपासणीची (एंडोस्कोपीची) वाट न बघता सुरू करायचं असतं. सोबत अँटिबायोटिकही, कारण या रुग्णांचा जीव जंतुसंसर्गानेही जातो. माणूस जरा सावरला की १२ तासांच्या आत दुर्बिणीतून शिरांना रबरी बँड. म्हणून १०८ ला फोन करा आणि दुर्बिणीची सोय असलेलं सगळ्यांत जवळचं हॉस्पिटल गाठा. खानापूरकरांना बेळगाव जवळ, निपाणीकरांना कोल्हापूर. इथे तरी सीमावाद नको! डांबरासारखी काळी शी झाली तरी हेच.

‘शंट हाच उपाय.’ बहुतेकांचं रक्त औषधं आणि बँडिंगनेच थांबतं. नाहीच थांबलं तर अन्ननलिकेत फुगा फुगवून शिरा दाबून धरतात, तोही जास्तीत जास्त २४ तास. तेवढ्यात ‘टिप्स’ करायचं, म्हणजे मानेच्या शिरेतून तार लिव्हरपर्यंत नेऊन आत स्टेंट बसवायचा, की तुंबलेल्या रक्ताला दुसरी वाट मिळते. पोट उघडून तातडीने शंट करणं आता क्वचितच होतं. काही अतिजोखमीच्या रुग्णांत मात्र रक्त थांबलं तरी ७२ तासांच्या आत टिप्स केल्याने जीव वाचतात, हे २०१० च्या युरोपातल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा मोठ्या शहरात न्यायची वेळ येऊ शकते, पण पहिले उपचार झाल्यावर आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलून.

‘भरपूर रक्त चढवा.’ नातेवाईक इथेच डॉक्टरांशी भांडतात. २०१३ मध्ये बार्सिलोनातल्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, ९ च्या खाली जाताच दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. गरजेपेक्षा जास्त रक्त भरलं की शिरांमधला दाब वाढतो आणि त्या पुन्हा फुटू शकतात.

‘लिव्हर कायमचं बरं.’ शंट दाब उतरवतो, सिरोसिस तसाच राहतो. उलट आता बरंचसं रक्त लिव्हरला बगल देऊन जातं. त्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो आणि साधारण तिघांतल्या एकाला भ्रमाचा त्रास होतो. लिव्हर आधीच पार थकलेलं असेल तर टिप्सने ते आणखी ढासळू शकतं, म्हणून काहींना डॉक्टर स्वतःच नाही म्हणतात. घरी आणलेला माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो असं दिसलं तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि एरवीही बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, त्यानेही अमोनिया वाढतो.