संबंध नाहीत म्हणजे लग्नच नाही?

ताई, तुमचा राग मला समजतो. येशूची आई मरिया आयुष्यभर कुमारीच राहिली, तरी तिचं आणि योसेफाचं लग्न खरंखुरं लग्न होतं, असं मी लेखात म्हटलं. त्यावर तुम्ही विचारलंत, नवराबायकोत संबंधच नसतील तर ते लग्न कसलं? आणि मरियेला चिरकुमारी, म्हणजे कायमची कुमारी, ठरवणं म्हणजे संसारी बायकांना कमी लेखणंच नाही का?

दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. चौथ्या शतकात रोममध्ये हेल्विडियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाचंही तेच म्हणणं होतं: येशूच्या जन्मानंतर मरियेला इतर मुलं झाली, आणि त्यात तिला कसलाही कमीपणा नाही. ३८३ च्या सुमारास धर्मपंडित जेरोमने त्याला उत्तर लिहिलं. त्यात त्याने संसारी बाई रंगवली आहे: पोरांचा कालवा, स्वयंपाक्यांची लगबग, विणकरणींचा गलका, तेवढ्यात नवरा मित्रांना घेऊन येतो आणि ही घरभर धावत सुटते. यात देवाची आठवण कुठून येणार, असं तो विचारतो. मला हा उतारा सहन होत नाही. त्याच धावपळीत प्रार्थना करणाऱ्या बायकांनी ख्रिस्ती मंडळ्या जगवल्या आहेत.

पण जेरोम असा बोलला म्हणून ही शिकवण लग्नाच्या तिटकाऱ्यातूनच आली, हे पटत नाही. त्याच काळातला धर्मपंडित ऑगस्टीनही कौमार्यालाच वरचढ मानायचा. तरी अपत्य, निष्ठा आणि न तुटणारं बंधन ही लग्नाची तिन्ही हितं योसेफाच्या घरात होती, असं त्याने ठासून लिहिलं. अपत्य म्हणजे खुद्द येशू. बाराव्या शतकात चर्चच्या कायद्याचा अभ्यासक ग्रेशियन म्हणाला, शरीरसंबंधाने लग्न पूर्ण होतं. धर्मशास्त्रज्ञ पीटर लोम्बार्ड म्हणाला, संमती पुरेशी आहे. कॅथलिक कायद्याने दोन्ही धरून ठेवलं: लग्न संमतीने लागतं, पण संबंध न आलेलं लग्न योग्य कारण असेल तर पोप मोडू शकतात. म्हणजे तुमची शंका त्या चर्चलाही परकी नाही.

मरिया कुमारीच राहिली, तर बायबलमध्ये येशूचे म्हटलेले भाऊ कोण, हे थोडक्यात सांगतो. मी प्रोटेस्टंट आहे. मार्कच्या शुभवर्तमानातले (६:३) याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन मला मरियेचेच मुलगे वाटतात. ऑर्थोडॉक्स परंपरा त्यांना योसेफाच्या पहिल्या लग्नाची मुलं मानते, जेरोम मावसभाऊ म्हणतो. मात्र मरियेला चिरकुमारी मानण्याला 'कॅथलिकांचं खूळ' म्हणू नका. लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट सुधारकही मरियेला चिरकुमारी मानत होते.

तुमचा सगळ्यात जड मुद्दा प्रेषित पौलाचा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो नवराबायकोला सांगतो, एकमेकांपासून दूर राहायचंच तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेसाठी आणि काही काळच. त्यामुळे योसेफाच्या घराचा दाखला देऊन कुणी आपल्या जोडीदारावर ब्रह्मचर्य लादलं, तर मी तुमच्या बाजूने भांडेन.

पण तुमची लग्नाची व्याख्या मला फार तोकडी वाटते. सत्तरीत सोबतीसाठी लग्न करणारे, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारे, रात्री खोकला आला तर उठून पाणी देणारे दोघं तुमच्या लेखी नवराबायको आहेत की नाहीत? याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय.