‘लोकांना सांगून उपयोग नाही’ या दाव्याला उत्तर

पावसाळा आला की बडोद्यातील मराठी गटांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. लोक पुराची तयारी कधीच करत नाहीत, घाबरवल्याशिवाय ते हलत नाहीत आणि सर्वांच्या मोबाईलवर एकच इशारा पाठवला की पुरे, असा त्याचा आशय आहे. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि तिसरे तर घातक आहे.

पहिल्याचे उत्तर ओडिशाने दिले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली; 2013 च्या फायलिन वादळाआधी मात्र जवळपास दहा लाख लोक निवाऱ्यात गेले आणि मृतांची संख्या शंभराच्याही खाली राहिली. किनारा तोच होता. मधल्या काळात निवारे बांधले गेले आणि गावागावांत सराव झाले.

भीती एकटी पुरत नाही. काय करायचे आणि ते आपल्याला जमेल का, हे कळले नाही तर घाबरलेला माणूस तो संदेशच बाजूला सारतो.

आता तिसरा दावा. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची काळा घोडा पुलाजवळची धोक्याची पातळी 26 फूट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेले. पण ‘नदीने पातळी ओलांडली’ एवढ्यावरून समा भागातील तळमजल्यावरच्या कुटुंबाला आपल्या गल्लीत पाणी कधी शिरेल हे कसे कळावे? नदी किती फुटांवर गेली की गल्लीत पाणी येते, तो आकडा त्यांना हवा, म्हणजे गाडी आणि कागदपत्रे वेळेत वर नेता येतील. ज्यांची मुले परगावी आहेत अशा दांडिया बाजारातील वृद्ध दांपत्याला औषधे किती दिवसांची ठेवावी आणि हाक मारली तर कोण येईल, हे सांगायला हवे. नदीकाठच्या झोपड्यांत हेच गुजरातीतून, ओळखीच्या माणसाने, निवाऱ्याचा पत्ता देऊन आणि पाण्यातल्या मगरींची आठवण करून सांगावे लागते. शिवाय पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक पावागढ डोंगराकडचे आणि आजवा सरोवराचे पाणी शहरात उशिरा पोहोचते, हे प्रत्येक संदेशात असायलाच हवे.

इतके वेगवेगळे संदेश कोण पाठवणार, असे विचारले जाते. अहमदाबादने 2013 पासून उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा राबवताना उन्हात राबणाऱ्या मजुरांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत पोहोचायचे वेगळे प्रयत्न केलेच. आपल्याकडे तर गणेशोत्सव मंडळे आहेत. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना कोणत्या घरी कोण एकटे राहते हे ठाऊक असते. तीच यादी जूनमध्ये वॉर्ड कार्यालयात पोहोचवता येईल.